कॅलेंडरच्या पाठीवरचा बँड

रविवार, चौदा सप्टेंबर. त्या दिवशीचं काम होतं पौलसमामांची सरावाची खोली रिकामी करणं. चर्चच्या आवारात मागच्या भिंतीला लागून पत्र्याची एक लांबट खोली आहे. मामा राहायला आमच्याकडे होते, पण जागेपणीचा बहुतेक वेळ तिथंच काढायचे, आणि त्यांच्या बँडचा सरावही चाळीसएक वर्षं तिथंच चालला. ऑगस्टच्या सुरुवातीला मामा गेले, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. त्यानंतर सहा आठवड्यांनी चर्चच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी मला संकोचत विचारायला आले, की सराव तर आता होत नाही, तेव्हा ती जागा मंडपाच्या खुर्च्या ठेवायला मिळेल का? मी म्हटलं, मिळेल, सोमवारी सकाळी चावी आणून देते. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. खुर्च्या उघड्यावर भिजत होत्या आणि बँड बंद पडला होता.

मी घरून तीन रिकामी पोती, केरसुणी आणि एक फडकं घेऊन गेले. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात मी काम करते. गजाची जाडी मोजायची, बरोबर असेल तर पुढं, नसेल तर बाजूला. तीन पोती त्याच पद्धतीची होती: ठेवायचं, देऊन टाकायचं, रद्दी. दुपारच्या जेवणापर्यंत उरकेल असा माझा अंदाज होता.

मामा गेल्याचा फोनही मला कारखान्यातच आला होता. नवरा म्हणाला, ''मामांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मान टेकवली ती टेकवलीच.'' मी विचारलं, ''चहा पूर्ण घेतला होता?'' त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, ''हो, कप रिकामा आहे.'' मला बरं वाटलं. अर्धवट टाकलेलं काही मामांना आवडायचं नाही.

मामा मूळचे नगर जिल्ह्यातल्या देवळाली प्रवऱ्याचे. वडील शाळामास्तर, आई घर सांभाळून दुसऱ्यांची दळणं दळायची. मिशनच्या शाळेत एक म्हातारी मॅडम ऑर्गन वाजवायच्या, त्यांनी या उंच, किडकिडीत पोराला पाश्चात्त्य पद्धतीचं स्वरलेखन शिकवलं. एवढ्या शिदोरीवर मामा अठराव्या वर्षी मुंबईला गेले आणि एका मोठ्या हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये शिरले. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, सगळ्या जागा गोव्याच्या मंडळींनी भरलेल्या होत्या. रिकामी होती ती फक्त डबल बासची, कारण ते माणसापेक्षा उंच, तंबोऱ्याच्या आजोबांसारखं दिसणारं वाद्य उचलून न्यायला कुणी तयार नसायचं. मामा म्हणाले, मी उचलतो. वाजवायला नंतर शिकले. संध्याकाळी पांढरा कोट, काळा बो, चकचकीत बूट, आणि सकाळी त्याच कोटाची कॉलर साबणानं घासायची. बँडमधले सगळे त्यांना 'नगर' म्हणून हाक मारायचे. मामा सांगायचे, ''डबल बासवाला सगळ्यांच्या मागं उभा असतो. त्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात. पाठीवरून कळतं, कुणाचा श्वास संपत आलाय, कोण घाबरलाय, कोण प्यायलाय. तिथं उभा राहिलो म्हणून मला लिहिता आलं.''

लिहिणं म्हणजे संयोजन. एखादी चाल घ्यायची आणि कुणी काय वाजवायचं, कधी गप्प बसायचं, हे प्रत्येकाच्या कागदावर मांडायचं. त्यात मामांचा हात असा बसला की हॉटेलचा बँडमास्तर त्यांच्याकडूनच सगळं लिहून घ्यायला लागला. एकदा तो म्हणाला, ''नगर, काहीतरी तुझं स्वतःचं आण.'' मामांनी आपली आई दळताना ज्या चालीवर ओव्या म्हणायची ती चाल घेतली, तिला संथ झोका दिला आणि खाली जात्याची घरघर डबल बासवर ठेवली. बँडमध्ये त्या रचनेला 'जात्याचं' असंच म्हणायचे. झुंबराखाली गोरे आणि श्रीमंत लोक एकमेकांच्या कमरेत हात घालून त्यावर नाचायचे. मामांनी सुट्टीवर आल्यावर हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ''नाचू दे. पन पीठ कोन काढतंय?''

पुढं हॉटेलांमधले बँड एकेक करून बंद पडले आणि मामा सिनेमाच्या स्टुडिओंत संयोजक म्हणून काम करायला लागले. संगीतकार गुणगुणायचा, मामा चाळीस व्हायोलिनांचे कागद लिहायचे. पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही. रेडिओवर जुनं एखादं गाणं लागलं की दोन कडव्यांमधल्या तुकड्याला मामा बोट वर करायचे, ''हे आपलं,'' आणि लगेच, ''साखर कमी घाल.'' मी एकदा विचारलं, नाव नाही आलं याचं वाईट नाही वाटलं? तर म्हणाले, ''नावं यायला लागली की लोक उठून चपला शोधतात.''

ते नगरला परत आले तेव्हा मी तिसरीत होते. आई आणि मी त्यांना आणायला एस.टी. स्टँडवर गेलो होतो. गाडीच्या टपावर कॅनव्हासच्या पिशवीत गुंडाळलेलं ते प्रचंड धूड. हमाल वर चढला, त्यानं हात लावून पाहिलं आणि वरूनच ओरडला, ''आत कोन हाय?'' मामा खालून म्हणाले, ''सावकाश उतरव, लई नाजूक प्रकृती हाय तिची.'' आईनं कपाळाला हात लावला. ''पौलस, मुंबईहून बायको घेऊन येशील वाटलं होतं. हे काय आणलंस?'' मामा म्हणाले, ''हीच समज. जाड आहे, पण सुरात आहे.'' मामांनी लग्न केलं नाही ते नाहीच.

इथं शाळेत त्यांना संगीतशिक्षकाची नोकरी मिळाली. दिवसा प्रार्थना आणि समूहगीतं, आणि संध्याकाळी, शाळेबाहेरच्या ज्यांना ज्यांना काही वाजवता येत होतं त्या सगळ्यांना जमवून एक बँड. सात माणसं. ट्रम्पेटला बबन, पारनेरकडचा शेतकरी, लग्नसराईत वरातीत वाजवणारा. क्लॅरिनेटला शीलाताई, सिव्हिलमध्ये नर्स होत्या. ड्रमला रज्जाकभाई, ज्यांचं आधीचं वाद्य ताशा. आणखी तिघं, आणि नंतर मी. मामांची लिहिण्याची पद्धत इथं बदलली. मुंबईत ते कागदावर 'ट्रम्पेट' किंवा 'क्लॅरिनेट' लिहायचे, इथं माणसाचं नाव लिहायला लागले. वर 'बबन', खाली सारेगमप, देवनागरीत, मात्रांच्या रेघा मारून. कागद म्हणजे साखर कारखान्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं. त्यांची पाठ कोरी, जाड आणि मोठ्या अक्षराला सोयीची. सगळ्यांचं एकत्र असं पान मामांनी कधी लिहिलंच नाही, ते त्यांच्या डोक्यात असायचं.

आणि ते माणसासाठी लिहायचे म्हणजे खरोखरच माणसासाठी. शीलाताईंचा दम कमी, म्हणून त्यांना तोडक्या, तिरकस ओळी. शीलाताई बोलतातही तशाच. बबनचा मोटारसायकलवरून पडून पुढचा दात गेला तेव्हा तो ट्रम्पेट परत करायला आला होता. ''मास्तर, वरचा सूर फाटतोय. माझं संपलं.'' मामांनी विचारलं, ''कुठं फाटतोय? वाजवून दाखव.'' बबननं दाखवलं. मामांनी डोळे मिटून तीनदा ऐकलं आणि आठवड्याभरात बबनचे सगळे कागद नव्यानं लिहिले. सूर खाली आणले, आणि जिथं तो फाटणारच होता तिथं नेमकी रज्जाकभाईंची झांज ठेवली. लोकांना वाटायचं, काय मुद्दाम केलंय! होतंच मुद्दाम. बबननं पुढं दात बसवला, पण ती जागा बदलू दिली नाही.

चर्चमध्ये पहिल्यांदा वाजवलं ते कापणीच्या सणाला. पिकाचा पहिला वाटा वेदीपुढं ठेवतात, ज्वारीची कणसं, ऊस, कोंबड्यासुद्धा. मामांनी नेहमीच्या उपकारस्तुतीच्या गीताला असा झोका दिला की दुसऱ्या आठवड्यात पंचकमिटीनं त्यांना बोलावून घेतलं. ''मास्तर, संगीत चांगलं आहे, पण लोकांचे पाय हलतात.'' मामा म्हणाले, ''वर गेल्यावर पंख मिळणार आहेत म्हणतात. मग पाय इथंच वापरायला नकोत का?'' कमिटीत तेव्हा दोन कडक माणसं होती, ती हसली नाहीत. पण पुढच्या वर्षी त्यांतल्या एकाचा बूट मी स्वतः हलताना पाहिला.

मी चौदा वर्षांची असताना मामांनी डबल बास माझ्या हाती दिला. माझ्यात काही गुण दिसला म्हणून नव्हे. ''उंची आहे आणि घाई नाही,'' एवढंच म्हणाले. त्यांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. मला त्यांनी कधी पूर्ण कागद लिहून दिला नाही, एका पट्टीवर स्वरांची नुसती नावं असायची. ''तुझं काम चालायचं. एका मात्रेला एक पाऊल. नाचायचं ते नाचतील.'' मला ते पटलं. मी चालत राहिले. वाद्य जमिनीवर ज्यावर टेकतं तो खालचा लोखंडी गज झिजला तेव्हा मी कारखान्यात नवा करून घेतला, बरोबर मापाचा. लग्न झालं, मुलं झाली, शनिवारचा सराव चुकला नाही. कुणी विचारलं, तुम्ही संगीतात आहात का? तर मी म्हणायची, नाही, मी मोजते. मामा आता बँडच्या पुढं स्टुलावर बसून हात हलवायचे आणि मला बाजूच्या कोपऱ्यातून त्यांचं टक्कल दिसायचं.

पाच-सहा वर्षांपूर्वी कापणीच्या सणाला माझ्या हातून एक मोठी चूक झाली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात बाहेरचे तपासनीस येणार होते, माझं लक्ष तिकडं. एक पूर्ण आवर्तन मी गाळलं आणि थेट शेवटच्या भागात शिरले. कळलं तेव्हा परतता येण्यासारखं नव्हतं. पण गंमत अशी, की अख्खा बँड माझ्याबरोबर उडी मारून पुढं आला होता. एकटे मामाच अजून मागच्या आवर्तनाचा हात हलवत होते. लोकांना काही कळलं नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, ''मामा, मी चुकले.'' ते म्हणाले, ''चुकलीस. पण सगळे तुझ्याबरोबर चुकले. याला बँड म्हणतात.'' मी विचारलं, ''पण सगळ्यांना कळलं कसं?'' तर म्हणाले, ''चहा टाक.''

मामांच्या दफनाच्या दिवशी बँड वाजणार हे गृहीत होतं. कब्रस्तानात सगळे वाद्यं घेऊन आले. मी डबल बास टेम्पोत घालून आणला. पाळकांची प्रार्थना संपली, त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आणि कुणी सुरूच केलं नाही. सहाच्या सहा जण माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, घरची म्हणून बघतायत, रडतेय का ते पाहतायत. मला ते आवडलं नाही. मी मान खाली घातली. मग बायकांनी बँडशिवायच गीत म्हणायला सुरुवात केली. बबन ट्रम्पेट पिशवीत घालून कुणाशी न बोलता निघून गेला. त्यानंतरच्या शनिवारी सरावाला कुणी आलं नाही. मी तर लोकांना सांगूनच टाकलं, मामा गेले, बँड संपला, एखाद्या गोष्टीला शेवट असतो.

तर त्या रविवारी मी मामांची ट्रंक उघडली. ही ट्रंक ते कुणाला उघडू द्यायचे नाहीत. सराव झाला की कागद स्वतः गोळा करून आत ठेवायचे आणि कुलूप. आत वरपर्यंत कॅलेंडरची पानं. तारखांची बाजू वर होती, जुनी वर्षं, म्हणून मी पहिला गठ्ठा सरळ रद्दीच्या पोत्यात घातला. दुसरा घालताना एक पान उलटं पडलं. 'शीला.' सारेगमच्या ओळीवर पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: 'इथं मार्थाकडे बघा.'

मार्था म्हणजे मी. मला वाटलं, एखाद्या जागेपुरतं असेल. दुसरं पान घेतलं, 'रज्जाक'चं. तिथंही तेच, तीन ठिकाणी. 'बबन'च्या पानावर तर जवळजवळ प्रत्येक ओळीला, आणि एका ठिकाणी दोनदा अधोरेखित, 'मार्थाकडे बघ, माझ्याकडे नको.' मी पोतं पुन्हा ओतलं आणि जमिनीवर पानं वर्षांप्रमाणे लावत गेले. जुन्या कॅलेंडरांवर सगळीकडे 'माझ्याकडे बघा' होतं. मग बारा वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरवर ते खोडलेलं, त्याच्यावर माझं नाव, आणि तिथून पुढं सगळीकडे माझंच. त्याच वर्षी मामांना कमी ऐकू यायला लागलं होतं. मी त्यांना तपासायला नेलं होतं, मशीनही आणलं होतं. ते त्यांनी रेडिओजवळ ठेवलं, रेडिओला लागेल म्हणून.

मी बबनला फोन लावला. ''बबन, सरावाच्या वेळी तुम्ही सगळे कुणाकडे बघत होता?''

तो म्हणाला, ''ताई, तुमी रागावनार न्हाई ना?''

''ऐकल्यावर ठरवीन.''

''मास्तरांचा हात लई मागं पडाया लागला हुता. दोन-तीन बारीला आमी आपटलो. मग मास्तरच म्हनले, माज्या हाताकडं बघू नका, मार्थाच्या बोटांकडं बघा.''

''मग ते हात कशाला हलवत बसायचे?''

''लोकांसाठी! न्हाईतर मान्सं म्हनली असती, मास्तर कुठं गेला.''

''आणि बारा वर्षांत मला एकानंही सांगितलं नाही?''

''त्यांनी शपत घातली हुती. म्हनले, तिला कळलं की ती मोजायचं सोडून विचार करंल.''

ते खरं होतं. बबनच पुढं म्हणाला, ''त्या दिवशी कब्रस्तानात बी आमी तुमच्याकडंच बघत हुतो, ताई. तुमी मान खाली घातली. आमाला वाटलं, ताईंना आता बँड नको.''

''मला वाटलं, तुम्ही मी रडतेय का ते बघताय.''

''तुमी आनि रडनार?'' तो एवढ्या जोरात हसला की मी फोन कानापासून लांब धरला. मग हळूच म्हणाला, ''उद्या खोलीची चावी देनार म्हनं तुमी?''

''देणार. शब्द दिलाय.''

''बरं,'' म्हणाला, आणि ठेवला.

ट्रंकेच्या तळाशी यंदाच्या कॅलेंडरची पानं होती, जानेवारी ते जून, सहा. यंदाच्या कापणीच्या सणासाठी मामांनी 'जात्याचं' पुन्हा लिहायला घेतलं होतं. अक्षर थरथरलेलं, पण ओळी पूर्ण. बबन, शीला, रज्जाक, बाकीचे तिघं. माझं पान नव्हतं, पट्टीसुद्धा नव्हती. मी ट्रंक उलटी करून झटकली, एक मेलेलं झुरळ पडलं. मग ती सहा पानं शेजारी शेजारी मांडली आणि उभं राहून वाचली. ज्या जागी बाकी कुणी वाजवत नव्हतं, ती जागा माझी, हे दिसत होतं. प्रत्येक पानाच्या अगदी शेवटी, जिथं इतर रचनांत मामा संपल्याच्या दोन उभ्या रेघा मारायचे, तिथं या वेळी रेघा नव्हत्या. लिहिलं होतं: 'मार्था थांबेल तेव्हा थांबा.'

खोलीच्या कोपऱ्यात फरशीला एक खड्डा आहे, रुपयाएवढा. डबल बासच्या गजानं पडलेला, आधी मामांच्या पायाशी आणि मग माझ्या. मी वाद्य उचललं, गज त्या खड्ड्यात टेकवला. समोर सहा खुर्च्या होत्या, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा नीट पाहिलं, की एकही खुर्ची सरळ स्टुलाकडे तोंड करून नव्हती. सगळ्या थोड्या तिरप्या, माझ्या कोपऱ्याकडे. मी मनात चार मात्रा मोजल्या आणि 'जात्याचं' पहिल्यापासून शेवटपर्यंत चालले. सहा आठवड्यांत बोटं मऊ पडली होती, चांगली दुखली. संपल्यावर तिन्ही पोती रिकामी घडी घालून ठेवली आणि घरी येऊन उशिरा जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी माळीवाड्यातल्या किल्लीवाल्याकडे गेले आणि त्या चावीसारख्या आणखी सात करून घेतल्या. सहा बँडच्या, प्रत्येकाला एक. सातवी घेऊन चर्चमध्ये गेले. सेक्रेटरी वाटच बघत होते. म्हणाले, ''चावी आणलीत?'' मी म्हटलं, ''आणली. ही घ्या. तुमच्या खुर्च्या डाव्या भिंतीला लावा, आमच्या सहा आहेत त्यांना हात लावू नका. शनिवारी चार वाजता सराव आहे.'' ते गोंधळले. ''पण मास्तर तर…''

''मी मोजते,'' मी म्हटलं, आणि नऊच्या पाळीला निघून गेले.